आग रामेश्वरी, बंब तुमच्या दारी

जुना अग्निशामक बंब घ्यायचाच असं मनाने घेतलंय ना? मग बघायला जाताना रिकाम्या हाताने जा. टॉर्च, टोच्या, मळके कपडे यातलं काही सोबत नको. जुन्या बंबांच्या केबिनचा सांगाडा बऱ्याचदा लाकडी असतो आणि त्यावर पत्रा मारलेला असतो. दाराच्या खालच्या कोपऱ्यात टोच्या टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, तर जमत आलेल्या सौद्यात उगाच मिठाचा खडा. पत्र्यावर लाल रंग चकाकतोय तोवर आतला भुसा कोणाला दिसतोय?

विकणारा म्हणेल, ‘चाललाय कुठे फारसा? किलोमीटर बघा!’ बघा आणि मान डोलवा. बंबाचं निम्मं आयुष्य एका जागी उभं राहून पंप चालवण्यात जातं आणि उरलेलं गारठलेलं इंजिन घंटा वाजताच तळापर्यंत दाबण्यात. किलोमीटरच्या काट्याला यातलं काही कळत नाही. टायरची नक्षीही कोरी करकरीत असेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३४०४’ म्हणजे २००४ सालचा ३४ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालच्या आधीचा, म्हणजे अस्सल पुराणवस्तू. कडेच्या भेगांना सुरकुत्या म्हणा.

शेडच्या दाराची उंची बंब दारात आल्यावर मोजावी. मोजताना छतावरची शिडी धरू नये.

आता काम. सुरुवात रंगापासून करा, कारण फोटोत ब्रेक दिसत नाहीत. ग्राइंडर घ्या आणि खरवडून पत्रा उघडा पाडा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकेक थर हळूहळू उतरवला, तर खाली मूळ सोनेरी अक्षरं सापडण्याची भीती असते. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून काही घाबरट लोक मास्क लावतात.

ब्रेक शेवटी, वेळ उरलाच तर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याने चाकाजवळचे सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन अडकतात. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून जवळजवळ बुजलेला असतो. पेडल दाबलं की जोरावर तेल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही. चाक धरलेलंच राहतं, ड्रम तापतो, धूर निघतो. आगीच्या बंबालाच आग! बघ्यांची गर्दी हमखास. ड्रम उघडलाच तर आतली पूड कॉम्प्रेसरने फुंकून उडवा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते एकट्याने का घ्यायचं, सगळ्या आळीला वाटा.

पहिल्या फेरीला टाकी अर्धी भरा. पूर्ण भरली तर पाणी हलत नाही, रिकामी असली तर हलायला पाणीच नाही. गंमत अर्धीतच आहे. १,८०० लिटरच्या टाकीत अर्ध्यावर ९०० किलो पाणी असतं. ते आवरायला टाकीत आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या गंजून कधीच तळाशी पडलेल्या असतात. तुम्ही ब्रेक मारता, बंब थांबायला येतो, आणि क्षणभराने पाणी मागून येऊन पोहोचतं.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर दाबतच राहा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हँडलने हातानेच हळू फिरवून बघायचं, एवढा धीर कोणाला आहे? त्यातून बंब डेनिस एफ१२ असला, तर त्यात रोल्स-रॉइसचं बी८० इंजिन असतं, एका रांगेत आठ सिलिंडर. पाहुण्यांना ‘रोल्स-रॉइस’ एवढंच सांगा. आठ सिलिंडरांच्या पिस्टन रिंगा शोधताना पाहुणे नसतातच.

पंपाची मजा मात्र पुरवून घ्या. सेंट्रिफ्यूगल पंपाला नुसती हवा ओढता येत नाही. प्रायमर नावाच्या जोडयंत्राने सक्शनमधली, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीतली, हवा काढली की मगच पाणी चढतं, तेही साधारण सात मीटरपर्यंत. सक्शन होजच्या जोडात एक वॉशर जरी सुकलेला असला तरी पंप हवाच चघळत बसतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर वाढवा. आवाज सुंदर येतो. शाफ्टभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचं पॅकिंग असतं, ते गार राहावं म्हणून तिथून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं. पण गळती म्हणजे बिघाड, हे आपल्याला नळावरून ठाऊक आहे. तेव्हा पाना घ्या आणि शेवटचा थेंब थांबेपर्यंत ग्लँडचे, म्हणजे पॅकिंग दाबून धरणाऱ्या कड्याचे, नट आवळा. पॅकिंग जळल्याचा वास आला की समजा, नट पुरेसे आवळले गेले. शाफ्टवर चरे पडतील, ते बाहेरून दिसत नाहीत.

थंडी गोठवणारी असेल तर पंपाच्या पोटाखालच्या छोट्या तोट्यांकडे ढुंकूनही बघू नका. वाकावं लागतं, आणि उघडल्या की बाहीत पाणी जातं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि बिडाच्या पंपाला फुगणं माहीत नसतं. हिवाळा सरल्यावर आळीतली सगळी पोरं गोळा करा, पितळी नोझल त्यातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात द्या आणि पंप चालू करा. पाणी येईल, भरपूर येईल. फक्त तुम्ही पंपाजवळ उभे राहू नका.