पाइप लावून आवळलेलं फाउंडेशन

एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. दोघे खानापूरचे, एक निपाणीचा, चौथा आमच्याच गल्लीतला. 'चोर्ला घाटात गाडी थरथरते? इंजिन-गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे बोल्ट ढिले आहेत. आट्यांना ऑइल लावा, पान्याला पाइप लावा, अंगात असेल तेवढा जोर काढून आवळा. टॉर्क रेंच हे शोरूमचं चोचलं.'

फाउंडेशन म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे रबरी आधार; टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर झाला की 'कट्' वाजणारा पाना. सैल बोल्ट वाईटच, एवढं त्या मेसेजमध्ये खरं.

'अंगात असेल तेवढा जोर.' अहो, बोल्ट आवळताना केसभर लांबतो. परत आखडायची त्याची जी ओढ, तीच दोन भाग धरून ठेवते. डोक्यावर 8.8 लिहिलेला बोल्ट चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलो ताणाला तुटतो, पण 64 किलोच्या आसपासच तो कायमचा लांबायला लागतो. 10 मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण 45-50 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) पुरतात, म्हणजे वीतभर पान्यावर वीसेक किलोचा जोर. दोन फुटी पाइपवर 40 किलोनं लोंबकळलात तर त्याच्या पाचपट झाला! काही गाड्यांत मुद्दाम त्या हद्दीपर्यंत नेऊन अंशांत फिरवायचे बोल्ट असतात. ते एकदा काढले की नवेच घालायचे.

त्यात गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा बोल्ट सोडवला, तर त्याच्या आट्यांत चकचकीत तारेसारखी गुंडाळी अडकलेली. ते भोकातले आटे होते. 'आवळ की अजून, मर्दा' असं कुणीतरी म्हटलेलं असणार. उद्यमबागेतून माणूस बोलावून हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली, तेव्हा कुठं बोल्ट धरला.

ऑइलचं तर उलटंच आहे. पान्यावरच्या जोरातला बहुतेक भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल आणि तुम्ही ऑइल लावलंत, तर त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आटे ब्रशनं साफ करा, पुरे.

आता थरथर. ती गिळायला फाउंडेशनमध्ये रबर आहे. रबर पिळलेलं असतानाच बोल्ट आवळला, की इंजिनचा प्रत्येक ठोका सीटखाली येतो. म्हणून आधी सगळे बोल्ट हातानं चार-पाच आटे धरवायचे. मग जॅक उतरवून इंजिनचं वजन फाउंडेशनवर येऊ द्यायचं, इंजिन थोडं हलवून बसवायचं, आणि त्यानंतरच गाडीच्या पुस्तकातल्या क्रमानं आवळायचं. रबर फाटलेलं असेल तर जगातला कुठलाही पाना उपयोगाचा नाही, रबरच बदला.

राहिलं टॉर्क रेंचचं चोचलं. 'कट्' वाजलं की हात थांबवायचा. दुसऱ्यांदा 'खात्रीसाठी' ओढायचं नाही. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं. त्यानं गंजलेले बोल्ट सोडवायचे नाहीत; त्यासाठी तुमचा तो दोन फुटी पाइप आहेच.