ड चा द

गेल्या मंगळवारपासून मी मोदक आहे. सोमवारपर्यंत मोडक होतो. बाबा मोडक होते, आजोबाही मोडक. पोस्टाने नवं कार्ड आलं, त्यावर इंग्रजीत आडनाव बरोबर आणि मराठीत ठसठशीत ‘मोदक’. बायकोने कार्ड पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हसली. समोर हसली असती तर एवढं लागलं नसतं. मुलाने एवढंच विचारलं, “बाबा, उकडीचे की तळणीचे?”

कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून दोनदा तरी जायचंय.

खिडकीवरच्या मुलीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. “काही नाही काका, प्रिंटिंग मिस्टेक आहे.” डॉक्टर ‘काही नाही, व्हायरल आहे’ म्हणतात ना, त्याच सुरात.

“कोणाची?”

“कोणाची म्हणजे? मिस्टेक आहे. झालीये.”

हे ‘झालीये’ ऐका जरा. चूक कोणीतरी करावी लागते. मिस्टेक आपली आपण होते, दव पडावं तशी. मराठीत येऊन ती स्त्रीलिंगी झाली. एरर मात्र पुरुष, तो ‘येतो’. फॉल्ट हा ‘असतो’, बहुधा केबलमध्ये. बग ‘सापडतो’, आणि तो सापडल्यावर कंपनीतली मुलं पार्टी करतात. या एवढ्या मंडळींमध्ये ‘मी केलं’ म्हणणारं कोणी नाही. भर दुपारी फोन करून झोपमोड करणारा माणूससुद्धा “सॉरी, बाय मिस्टेक लागला” म्हणतो. लागला! याने लावला नाहीच.

तर मी वाद घालायच्या तयारीत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“प्रिंटिंगचा काय संबंध?”

मागे एक आजोबा. ऐंशीच्या आसपास. कार्ड मुलीकडे तोंड करून ठेवलेलं, म्हणजे आमच्या बाजूने उलटं, तरी त्यांनी ते काचेपलीकडून माझ्या जन्मतारखेसकट घडाघडा वाचलं. मी चकित झालो, तर म्हणाले, “बेचाळीस वर्षं खिळे जुळवलेत. सुलटं वाचायलाच जरा वेळ लागतो.” अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते, म्हणजे खिळे, धातूची उलटी अक्षरं, ओळीत लावणारे. छापखाना गेला, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

“हे बघ बाळ,” ते मुलीला म्हणाले, “मशीनला नावं ठेवायची नाहीत. त्याला द्याल ते ते छापतं. ही जुळणीची चूक. आमच्याकडे ड चा खण वेगळा, द चा वेगळा. छपाई झाली की खिळे सोडवून परत खणात टाकायचे. त्या वेळी एखाद्या पोऱ्याने ड उचलून द च्या खणात टाकला, की दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक. पण पोऱ्या कोण ते ठाऊक असायचं. कान धरता यायचा.”

“आजोबा, आम्ही इंग्रजीतच टाकतो. मराठी आपोआप होतं.”

“कोण करतं?”

“सिस्टिम.”

“मग सिस्टिमचा कान कुठे असतो?”

रांगेत हशा पिकला. मुलगी हसली नाही. तिचं तरी काय चुकलं म्हणा, तिने डी टाकला होता, आणि इंग्रजांकडे ड आणि द मिळून तेवढा एकच. दोन भावांत एक सदरा, ज्याला मिळेल त्याने घालावा. यंत्राने तो द ला घातला. माझ्या एका मित्राचं आडनाव दाते, तो आता ‘डेट’ झालेला नाही एवढ्यावरच देवाचे आभार मानतो.

आजोबा मात्र रंगात आले होते. “१६३१ साली लंडनला बायबल छापलं. दहा आज्ञांमधला एक ‘नॉट’ गळाला. व्यभिचार करू नकोस, त्याचं व्यभिचार कर असं झालं. छापणारे साधेसुधे नव्हते, खुद्द राजाचे. राजाने ३०० पौंड दंड ठोकला! तिथे चाललं का प्रिंटिंग मिस्टेक म्हणून?”

“ओ आजोबा, बायबल नंतर,” मागून कोणी ओरडलं, “दीडला खिडकी बंद होते.”

“अहो, आपल्याकडे ध चा मा झालाच की,” हेल्मेटवाला एक तरुण म्हणाला. पुण्यात कुठल्याही रांगेत पाच मिनिटांवर उभं राहिलं की शनिवारवाडा येतोच. नारायणरावांना ‘धरावे’ असं पत्र होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला पेशवे गेले, अशी आख्यायिका.

आजोबा गर्रकन वळले. “ती मिस्टेक नव्हे! ते करेक्शन. वाचून, विचार करून, एकच अक्षर बदललेलं. चूक आणि करेक्शन यात फरक आहे.” मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, “अक्षर वळणदार असणार हो बाईंचं.”

मला बाकावर बसवण्यात आलं. बसल्या बसल्या मोबाईलवर शब्दकोश उघडला, दुसरं काय करणार. मिस्टेक हा शब्द मूळचा उत्तरेकडचा, जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ चुकीचं उचलणं. म्हणजे देवळाबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून जाणं ही अस्सल मिस्टेक. आणि एररचं मूळ लॅटिन, भटकणं. मी चार नंबरवरून सातवर, सातवरून झेरॉक्सला, झेरॉक्सवरून पुन्हा चारवर आलो होतो. त्या हिशोबाने कार्यालयात एरर मीच होतो.

लहानपणी आमच्या वाण्याच्या यादीखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ असायचं. गुळाचा भाव चढवून लावला तरी असायचं. पण चूक होण्याआधीच कबूल, आणि दोन्ही बाजूंनी, घ्याही आणि द्याही. इथे नुसतं घ्या. अर्धा दिवस रजा माझी, रिक्षा माझी, फोटो माझे, वकिलाकडचं प्रतिज्ञापत्र माझं, की ‘मोडक व मोदक या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’. हे मला शपथेवर सांगावं लागलं. सुरुवातीला गंमत वाटली. मग लक्षात आलं, घर अजून बाबांच्या नावावर आहे. मयत मोडक, वारस मोदक. तलाठ्यापुढे हे कागद ठेवले की तो काय म्हणणार आहे ते मला आत्ताच ऐकू येतंय. हसायचं कुठवर?

शेवटी दुरुस्तीचा अर्ज आला. त्यात ‘चुकीचे कारण’ असा रकाना आणि पुढे दोन चौकोन. अर्जदाराची चूक. इतर.

“इतरवर करू?”

“इतरला चौकशी लागते, काका. तीन महिने धरा. अर्जदाराची केलीत तर पंधरा दिवसांत होतं. पन्नास रुपये फी.”

“पण चूक मी केलेली नाही.”

“माहितीये हो. लिहायचं फक्त.”

आजोबा मागे उभे होते. या वेळीही उलटाच कागद वाचत असावेत. “करू नका,” म्हणाले. “एकदा आपल्या नावावर घेतली की घेतली.”

घड्याळात एक पंचवीस झाले होते. मी पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली, खाली सही ठोकली. सवयीने ‘मोडक’ अशी. मुलीने कागद परत सरकवला. “काका, सही कार्डावर नाव आहे तशी लागते.”

खोडून ‘मोदक’ केलं. आयुष्यात पहिल्यांदा. अक्षर जरा वळणदारच आलं.

मागे वळलो तेव्हा आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसते एक पाऊल पुढे सरकले. त्यांचं नाव काय छापून आलंय, ते विचारायचं राहूनच गेलं.