पहिलं गाणं म्हणजे कोणतं, साहेब?

काल सेलूत एका मंगल कार्यालयात कराओकेवाल्यांचा कार्यक्रम होता. विषय झकास निवडला होता, जुन्या गायिकांची पहिली गाणी. मी परभणीहून गाडीवर गेलो, येताना पावसानं झोडपलं ते वेगळंच. आणि तिथं सूत्रसंचालक माइक धरून म्हणतो काय, "लतादीदींचं पहिलं गाणं, १९४९, चित्रपट महल!" टाळ्या. उठून निघायला पाहिजे होतं. नाही निघालो, चहा यायचा होता.

मध्यंतरात गाठलंच त्याला. म्हणलं, साहेब, ही पोरगी त्याआधी सात वर्षं गात होती की. तर हसून म्हणतो, "सर, पहिलं म्हणजे पहिलं गाजलेलं हो. बाकीचं कोण ऐकतंय?"

बाकीचं कोण ऐकतंय. रात्रभर हेच डोक्यात. पोस्ट लांबणार आहे. वेळ नसणाऱ्यांनी लाईक टाकून पुढं जावं, तसंही तुम्ही तेच करता.

तर ऐका बाकीचं. १९४२. मराठी चित्रपट 'किती हसाल', सदाशिवराव नेवरेकरांची चाल, गाणं 'नाचू या गडे'. मास्टर दीनानाथांना मुलीनं सिनेमासाठी गाणं रुचत नव्हतं. तरी पोरगी गायली, आणि गाणं चित्रपटातून काढूनच टाकलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीनानाथ गेले. मग 'पहिली मंगळागौर'मध्ये 'नटली चैत्राची नवलाई', संगीत दादा चांदेकरांचं. बाप गेलेला, पाठीवर चार भावंडं, आणि गायचं काय तर चैत्राची नवलाई! हिंदी ओळी पहिल्यांदा गायल्या त्याही 'गजाभाऊ' या मराठी सिनेमात. ह्यातलं एक नाव घेतलं असतं माइकवर तर काय माइक जळाला असता का?

आणि ज्याला तू पहिलं म्हणतोस ना बाबा, त्या 'महल'च्या तबकडीवर सुरुवातीला लता हे नावच नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! ऐकणाऱ्यांनी रेडिओला विचारून विचारून खरं नाव काढून घेतलं. बाकीचं कोण ऐकतंय म्हणे.

आता मी एवढा का तापलो ते सांगतो. आमच्या घरी एक कॅसेट आहे.

१९८१ ची पंचमी. माय माहेरी आलेली, मी सोबत. मामानं औरंगाबादेहून नवाकोरा टेप आणला होता आणि दिसेल त्याचा आवाज भरत होता, अगदी म्हशीचासुद्धा. मग म्हणला, अक्का, तू म्हण. माय आमची जात्यावर बसली की गल्लीतल्या बाया उंबऱ्यात येऊन बसायच्या, असा गळा. पण यंत्रासमोर ती लाजली. ढाळजेत पोतं अंथरून बसली, पदर नीट केला, जणू फोटोच निघणार आहे. आणि एक बाजू भरेस्तोवर म्हणत राहिली. पंढरीच्या ओव्या, भावाच्या ओव्या, पंचमीची गाणी. मामानं कॅसेट आम्हाला दिली. देताना तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारकी टिकली पेचकसानं मोडली. म्हणला, आता हिच्यावर दुसरं काही भरता यायचं नाही.

ते मायचं पहिलं गाणं. टेपवरचं, म्हणायचं.

आशाताईंचं तरी काय. १९४३, 'माझं बाळ', 'चला चला नव बाळा', चाल दत्ता डावजेकरांची. नऊ-दहा वर्षांचं लेकरू ते. काल त्याचा उल्लेख? छे. गीता दत्त तेव्हा गीता रॉय. १९४६ च्या 'भक्त प्रल्हाद'मध्ये तिच्या वाट्याला दोन ओळी आल्या. दोन! दुसऱ्याच वर्षी 'दो भाई' आला आणि सचिनदेव बर्मनदादांच्या चालीवर ती देशभर पोचली, पण आधी त्या दोन ओळी गाव्या लागल्या ना. शमशाद बेगमला लाहोरात वडिलांनी गायची परवानगी दिली ती बुरख्यात जायचं आणि फोटो काढू द्यायचा नाही या अटीवर. १९४१ ला 'खजांची' गाजला तेव्हा आवाज घराघरात, चेहरा कुणाला ठाऊक नाही. वेल्लोरची वाणी जयराम तर १९७१ च्या 'गुड्डी'नं हिंदीत नाव होण्याआधी वसंत देसाईंच्या चालीवर, कुमार गंधर्वांसोबत, आपल्या मराठीत गाऊन बसली होती. आणि आपणच विसरायचं?

बरं, मान्य. तिकीट काढून आलेल्या माणसाला टाळ्या वाजवायच्या असतात, त्याला कापलेल्या गाण्याचं काय. आणि ती 'महल'वाली पोरगी गायली छान, हेही मान्य. नर्सिंग करते म्हणे, ड्यूटीवरून थेट आली होती. तिच्यावर राग नाही.

सूत्रसंचालकावरसुद्धा आता तितका राहिला नाही. लिहिता लिहिता उतरायला लागलाय. कारण खरं सांगायचं तर त्याच्या आधी हे मी केलंय.

आठवीत होतो. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागायची आणि वर्गात सगळ्यांकडं भरलेल्या कॅसेटी. माझ्याकडं कोरी नव्हती. मामानं मोडलेल्या टिकलीच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा भरता येतं, हे मला एका पोरानं शिकवलं होतं. वहीचं पान फाडलं, बोळा केला, टेप रेडिओला टेकवला, लाल बटण दाबलं. माय तेव्हा आतच भाकऱ्या थापत होती.

कॅसेट नीट मागं गेली नव्हती म्हणून सुरुवातीचं नऊ सेकंदांचं उरलंय. आधी मायचा खाकरा. मग, "झालं का रं सुरू?" मामा हसतो. मग माय सूर लावते, "पहिली माझी ओवी गं..." खट्. आणि अमीन सायानी, "...और भाइयों!"

गीता रॉयला दोन ओळी तरी मिळाल्या होत्या.

मायला कळलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणली, "असू दे. तुझी गाणी चांगली हायती." मी पण तेव्हा तसंच समजत होतो. सिनेमातली गाणी खरी, मायचं काय, ती तर रोजच म्हणते. पुढं गिरणी आली, जातं परसात पालथं पडलं, आणि रोजचं म्हणणंही थांबलं. आता अठ्ठ्याहत्तरीची आहे. मोबाईल समोर धरला की म्हणते, "आता कुठं रं गळा ऱ्हायला, ठेव ते."

काल रात्री भिजून आलो तर जागीच होती. कसा झाला म्हणली कार्यक्रम. चांगला झाला म्हणलं. काय सांगणार.

तर मुद्द्याचं. परभणी, सेलू, जिंतूर, कुठंही कुणाकडं चालू टेप असेल तर कळवा. माझ्याचा पट्टा तुटलाय आणि मोंढ्यातला दुरुस्तीवाला आता फक्त मोबाईल बघतो. ते नऊ सेकंद मोबाईलमध्ये घ्यायचेत. कॅसेट पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन. बोळा काढून टाकलाय.