निकाली कुस्ती कोणी लावायची?

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत, माती विभागाच्या अंतिम लढतीत, महेंद्र गायकवाडच्या बाहेरील टांगेला चार गुण द्यायचे की दोन, यावरून सिकंदर शेखच्या चाहत्यांनी रान उठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेची पाठ टेकली की नाही, हे प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेलं. त्याच दिवशी अंतिम लढतीत गायकवाड मैदान सोडून गेला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. दोन्ही वेळा कोल्हापूरपासून अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांपर्यंत सूर एकच होता: पंच बदला, अध्यक्ष बदला, सगळं सुतासारखं सरळ होईल.

अटलांटात हा सूर पंचवीस वर्षं जुना आहे. फक्त इथे तो डब्ल्यूसीडब्ल्यू या टीव्हीवरच्या कुस्तीच्या बुडालेल्या कंपनीबद्दल लागतो. टेड टर्नरने नोव्हेंबर १९८८ मध्ये जिम क्रॉकेटची कंपनी विकत घेतली आणि आपल्या वाहिनीवरच्या कुस्तीचं दुकान याच शहरातून चालवलं. मार्च २००१ मध्ये त्यातला माल प्रतिस्पर्धी विन्स मॅकमहनने साधारण पंचवीस लाख डॉलरना उचलला. ‘अखेरच्या काळात तिचे निकाल ठरवणाऱ्या विन्स रुसोने बुडवली’ हे इथलं सर्वमान्य मत. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर कंपनी तरली असती, हे त्याचं शेपूट. हे मत मला पटत नाही, पण ते खोडायला रुसोची बाजू घ्यायचीही गरज नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ही ठरवून केलेली कुस्ती आहे हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तोच पोरगा शाळेच्या संघात खरी कुस्ती खेळतो, घामाघूम होऊन वजन उतरवतो आणि रात्री टीव्हीवरची पाहतो. दोन्हींत त्याची गल्लत होत नाही. १९८९ मध्ये मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हे मनोरंजन असल्याचं मान्य केलं, कारण खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मानगुटीवर बसत होते. त्यामुळे आपल्याकडचा ‘ही तर नुरा कुस्ती’ हा टोमणा इथे कोणाला लागतच नाही. इथला प्रश्न वेगळा आहे: ठरवायचं तर आहेच, मग ठरवणार कोण?

आपल्या जत्रेच्या मैदानात जोड लावणारा जाणता माणूस असतो. कोणाशी कोणाला भिडवायचं, इनाम किती, मोठी कुस्ती कितव्या नंबरला, हे तो पाहतो. इथल्या बुकरचं अर्धं काम तेच. उरलेलं अर्धं म्हणजे निकाल, तो कोणत्या डावावर लागणार, किती मिनिटांनी लागणार, आणि हरलेल्याला पुढचे चार आठवडे काय काम द्यायचं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड असतं, कारण जिंकणाऱ्याला फारसं सांभाळावं लागत नाही, हरणाऱ्याला लागतं. आठवड्यागणिक फुकट दिसणाऱ्या कार्यक्रमातून भांडण शिजवायचं आणि महिन्याच्या शेवटी पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे प्रेक्षकाने वेगळे पैसे मोजलेल्या रात्री, त्याचा निकाल लावायचा, हे धंद्याचं चक्र. कुस्ती सोडवली तर आपलं पब्लिक फेटे उडवत नाही, ओरडतं. इथलं ओरडत नाही, पुढच्या महिन्यात पैसे भरत नाही.

डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभार पाहणाऱ्या एरिक बिशॉफने हे चक्र काही काळ झकास फिरवलं. ४ सप्टेंबर १९९५ ला मिनेसोटातल्या एका मॉलमध्ये तिचा दर सोमवारचा कार्यक्रम नायट्रो सुरू झाला. जुलै १९९६ मध्ये हल्क होगनला खलनायक करून एनडब्ल्यूओ ही टोळी उभी राहिली, आणि जून १९९६ पासून एप्रिल १९९८ पर्यंत सलग ८३ आठवडे नायट्रोने मॅकमहनच्या रॉ या कार्यक्रमाला रेटिंगमध्ये मागे ठेवलं. या काळाचं श्रेय बिशॉफला द्यायलाच हवं. अडचण अशी की टोळी जिंकत राहण्याला मर्यादा असते. कधीतरी कोणीतरी तिला चितपट करावंच लागतं.

तो कोणीतरी म्हणजे स्टिंग हा पैलवान. १९९६ च्या शेवटापासून तो तोंडाला पांढरा-काळा रंग फासून प्रेक्षागृहाच्या छताजवळ उभा राहायचा. अख्खं १९९७ त्याने एकही कुस्ती केली नाही. वर्षभर तापवलेला हा सामना २८ डिसेंबर १९९७ ला वॉशिंग्टनमध्ये स्टारकेड या पे-पर-व्ह्यूला ठेवला गेला आणि पे-पर-व्ह्यूची कंपनीच्या इतिहासातली सर्वांत मोठी विक्री त्या रात्री झाली. इतकं पीक आलं आणि खळ्यावर आग लागली.

बेत असा होता: होगनच्या लेगड्रॉप या डावानंतर पंच निक पॅट्रिकने तीनची मोजणी मुद्दाम घाईघाईत करायची. त्याच रात्री दुसऱ्या कुस्तीत पंच असलेल्या ब्रेट हार्टने मग धावत यायचं, अन्याय झाला म्हणायचं, सामना पुन्हा सुरू करायचा आणि स्टिंगने होगनला शरण आणायचं. प्रत्यक्षात पॅट्रिकने एरवीच्या लयीतच तीन थापा मारल्या. समालोचक मोजणी घाईत झाली म्हणून ओरडत राहिले आणि पडद्यावर मात्र स्टिंग सरळसरळ हरलेला दिसला. आपल्याकडे राक्षेच्या कुस्तीचा व्हिडिओ लोकांनी मागे-पुढे करून पाहिला, अन्याय शोधायला. इथेही लोकांनी तेच केलं, आणि अन्याय सापडलाच नाही.

पण पंचाचा हात हळू पडला हे कारण वरवरचं आहे. पंचाची मोजणी रोजच्या सवयीने एका तालात पडते. ती बिघडलेली दिसायची तर तालीम हवी आणि थापा उघड वेड्यावाकड्या हव्यात. त्याहून मोठा प्रश्न हा की वर्षभर थांबलेल्या नायकाच्या विजयाला इतक्या कुबड्या लागल्याच का? स्टिंग त्या रात्री तयारीत नव्हता, असं स्पष्टीकरण बिशॉफ नंतर देत आला. समजा नव्हता. मग सामना बारा मिनिटांत आटोपायचा. पहिली सात-आठ मिनिटं होगनने चोपायचं, टोळीने एकदा घुसायचं, बाकीच्या पैलवानांनी तिला दारातूनच परत लावायचं, स्टिंगने एक उसळी घ्यायची आणि त्याच्या स्कॉर्पियन डेथलॉक या पकडीत होगनने हात आपटून शरण यायचं. दम कमी असलेल्या पैलवानाला झेपेल अशीच ही रचना आहे. त्यानंतर होगनने तीन महिने टीव्हीवर दिसायचं नाही. आणि जेमतेम दीड महिन्यापूर्वी माँट्रियलमध्ये मॅकमहनने न सांगता निकाल फिरवल्याची खरीखुरी दगाबाजी सोसून आलेला ब्रेट हार्ट, त्या क्षणी या धंद्यातला सर्वाधिक चर्चेतला माणूस, दुसऱ्याच्या कुस्तीत शिट्टी वाजवण्यावर खर्चायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी नायट्रोवर फेरलढत झाली, तिचाही निकाल वादात गेला. ८ जानेवारी १९९८ ला थंडर हा नवा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच भागात स्टिंगकडून विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. ज्याच्यासाठी लोकांनी वर्षभर वाट पाहिली, त्याचं राज्य दोन आठवडेही टिकलं नाही.

दुसरा बुकर असता तर? इथेच मला ‘माणूस बदला’वाल्यांशी भांडायचं आहे. होगनच्या करारात त्याच्या कथानकावर आणि निकालावर त्याची संमती लागेल असं कलम होतं. बुकर जोड लावणार, पण मोठा पैलवान हरायचं की नाही ते स्वतः ठरवणार. जुलै २००० मध्ये हे कलम चव्हाट्यावर आलं. होगन अडून बसला, पट्टा असलेला जेफ जॅरेट मॅटवर आपणहून आडवा झाला, होगनने त्याच्या छातीवर पाय ठेवून पट्टा घेतला आणि निघून गेला. मग रुसोने माइकवरून त्याची सालं काढली. होगन कोर्टात गेला, दावा फेटाळला गेला. या खुर्चीत चाणक्य बसवला असता तरी काय करणार होता?

खुर्चीतली माणसं बदलण्यात ही कंपनी कधीच मागे नव्हती. कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जिम हर्ड याने १९९१ मध्ये विजेता असलेल्या रिक फ्लेअरला काढलं. पट्ट्यासाठी भरलेली २५ हजार डॉलरची अनामत परत न मिळाल्याने फ्लेअर पट्टाच घेऊन मॅकमहनकडे गेला. बिल वॉट्स १९९२ मध्ये आला, शिस्तीचा माणूस. त्याने रॉन सिमन्सला विजेता केलं, ही त्याची मोठी कामगिरी, पण वरच्या दोरावरून उडी मारायला बंदी घातली आणि रिंगभोवतीच्या गाद्या काढून टाकल्या. उड्या मारणारा ब्रायन पिलमन हाताशी असताना! मग बिशॉफ, मग १९९९ मध्ये बुकरच्या खुर्चीत स्वतः पैलवान केव्हिन नॅश, मग रुसो, मग केव्हिन सुलिव्हन, मग रुसो आणि बिशॉफ जोडीने. सुलिव्हनच्या हाती कारभार जाताच जानेवारी २००० मध्ये एडी गरेरो, डीन मलेंको, पेरी सॅटर्न आणि आदल्या दिवशी पट्टा जिंकलेला ख्रिस बेन्वा, असे चौघे एकदम गेले.

कधीच न हरलेला म्हणून उभा केलेला पैलवान गोल्डबर्ग, त्याचं प्रकरण याच रांगेतलं. ६ जुलै १९९८, जॉर्जिया डोम, चाळीस हजारांवर प्रेक्षक, त्याने होगनला चितपट केलं. निकाल स्वच्छ, पण फुकट टीव्हीवर, आणि जेमतेम चार दिवस आधी जाहीर केलेला. तीस डॉलरला विकता आला असता असा सामना एका सोमवारच्या रेटिंगसाठी जाळला. त्याच्या विजयांचा आकडा तर झालेल्या कुस्त्यांपेक्षा वेगाने वाढत होता, आणि मोजणारे प्रेक्षक होतेच. डिसेंबरात नॅशने त्याला हरवलं, तेही स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारं हत्यार चालवल्यावर. ४ जानेवारी १९९९ ला त्याच डोममध्ये होगनने नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश धाडकन पडला आणि पट्टा पुन्हा होगनकडे. त्याच रात्री नायट्रोच्या समालोचकाने रॉवर पैलवान मिक फोली पट्टा जिंकणार हे वरून आलेल्या आदेशानुसार खिजवत सांगितलं, आणि प्रेक्षक लाखांनी तिकडे वळले. रुसो यायला अजून नऊ महिने बाकी होते.

तासांचाही हिशेब मांडायला हवा. १९९८ पासून नायट्रो तीन तासांचा, थंडर दोन तासांचा. आठवड्याला पाच तास भरायचे म्हणजे वीस पाव तास, आणि प्रत्येक पाव तासाचं रेटिंग वेगळं येतं. मराठी मालिकेचा टीआरपी पडला की ट्रॅक बदलतो, पाणी घातलं जातं, हे आपण शिव्या देत पाहतोच. इथे तर नायट्रो थेट प्रक्षेपित व्हायचा, एपिसोडची बँक नाही. पाव तासासाठी लिहिणाऱ्याला महिन्याअखेरचा निकाल परवडत नाही. रुसोचा दोष खरा आहे, आणि तो इथे आहे: त्याने हाच रोग टोकाला नेला. एप्रिल २००० मध्ये अभिनेता डेव्हिड आर्केटच्या आणि सप्टेंबरात स्वतःच्या कमरेला पट्टा बांधला. त्या वर्षीचा तोटा सहा कोटी डॉलरच्या घरात सांगितला जातो.

माझ्याच म्हणण्याला छेद देणारा एक दाखलाही आहे. १९८९ मध्ये फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट तीनदा भिडले: फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मे महिन्यात नॅशव्हिल. न्यू ऑर्लिन्सची कुस्ती जवळपास तासभर चालली. इतकं खणखणीत काम, आणि तिथल्या स्टेडियममध्ये खुर्च्या रिकाम्या, कारण जाहिरातच धड झाली नव्हती. चांगला निकाल म्हणजे चांगला गल्ला नव्हे, हे मान्य.

तरीही मला वाटतं की होगनच्या करारातलं कलम काढण्याचं धाडस १९९४ मध्ये कोणी केलं असतं, किंवा त्या कलमासह त्याला घेतलंच नसतं, तर २००० चा तोटा इतका खोल गेला नसता. मार्च २००१ मध्ये टर्नरच्या वाहिन्यांचा नवा प्रमुख जेमी केलनर याने कुस्तीच्या वेळा रद्द केल्या, आणि वेळ नाही म्हटल्यावर बिशॉफच्या गुंतवणूकदारांचा खरेदीचा बेत कोसळला. तोटा लहान असता तर केलनरला हात आखडता घ्यावा लागला असता का? कदाचित. एओएलशी झालेल्या विलीनीकरणानंतर त्या इमारतीत कुस्तीला कोणी वाली उरला नव्हता, हेही खरं.

२६ मार्च २००१ ला फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचा नायट्रो झाला. शेवटची जोड स्टिंग विरुद्ध फ्लेअर. कोणाचं कलम नाही, बाहेरून कोणी घुसलं नाही, पंचानेही घोळ घातला नाही. स्टिंगने स्कॉर्पियन डेथलॉक लावला, अंगात टी-शर्ट घालून उतरलेल्या फ्लेअरने शरणागती पत्करली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली.