मिनिटाला चोवीस लुकलुक

आमच्या घरात वॅटचा पहिला मान गीझरकडे. दोन हजार. त्याखाली इस्त्री, हजार. मग मिक्सर, साडेसातशे. ही उतरंड आईला तोंडपाठ आहे आणि विजेचं बिल आलं की ती आरतीसारखी म्हटली जाते. त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी '१००० वॅट' असं ठळक छापलेला खोका आणला, तेव्हा आईने चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता हा दिवसभर इस्त्री चालवणार?"

हा म्हणजे माझा मुलगा. वय सतरा. इस्त्रीला आजवर हात न लावलेला.

मी समजावलं, की हजार ही एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची ताकद झाली, खाणं नव्हे. गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे म्हणून आपण हजार लिटरने आंघोळ करतो का?

"तुझा मुलगा करतो," आई म्हणाली.

सुरुवात झाली ती मुलाच्या गेमसाठी घेतलेल्या एका सेकंड हँड ग्राफिक कार्डापासून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या भागापासून. आरटीएक्स ३०८०. ते एकटंच ३२० वॅट ओढतं, आणि त्याच्यासाठी निदान ७५० वॅटचा एसएमपीएस लावा असं कार्ड काढणारेच सांगतात. आमच्या कॅबिनेटसोबत फुकट आलेला जुना डबा ४५० वॅटचा होता, म्हणजे तसं त्याच्यावर लिहिलेलं होतं. हातात घेतला तर पापडाचा डबा जड वाटावा. चिरंजीवांचं म्हणणं, हे कार्ड अधूनमधून क्षणभर उसळी मारतं, तेव्हा ७५० वर भागवण्यापेक्षा हजारच घेऊ. लहानपणी शाळेचा गणवेश मलाही वाढत्या अंगाचाच शिवत, त्यामुळे माझा विरोध तिथेच संपला.

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने खोका न उघडता आधी वजन करायला दिला. "बघा साहेब, माल आहे." मी तो कलिंगडासारखा कानाशी नेला, वाजवणार होतो, मुलाने हात धरला. मग दुकानदाराने चोवीस पिनांच्या जाडजूड केबलमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली. आतला पंखा गरकन फिरला. "चालू आहे, घेऊन जा." आता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस उत्तम, हे म्हणजे मुलगा चालतो-बोलतो म्हणून लग्न ठरवण्यापैकी आहे. पण असं म्हणायला माझ्यामागे जागा हवी होती. तिथे चार गिऱ्हाइकं रेटत होती. खोका मांडीवर घेऊन दादरला गाडी बदलून आलो. माल होता, यात शंका नाही. मांडी अजून सांगते.

खोक्यावर '८० प्लस गोल्ड' हा शिक्का पाहून आईचा सूर जरा मऊ झाला. गोल्ड म्हणजे किती, तिने विचारलं. मी म्हणालो, अर्ध्या भारावर निदान नव्वद टक्के. म्हणजे भिंतीतून शंभर वॅट घेतले तर नव्वद आत पोचतात, दहाची नुसती ऊब होते.

"नव्वद? म्हणजे ९१६ सुद्धा नाही!" आणि ती पोळ्या लाटायला निघून गेली.

आता खरा प्रश्न, हा एसएमपीएस चांगला आहे हे कळायचं कसं? जेवताना मुलगा ऐकवत होता, की बारा व्होल्टच्या रेलवर, म्हणजे त्या वीजवाटेवर, १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, चालतो, व्होल्टेज ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहिलं पाहिजे, आणि हे नीट तपासायला ऑसिलोस्कोप लागतो, लोड टेस्टर लागतो. आमच्याकडे एक टेस्टर आहे. स्क्रू पिळायच्या कामाचा. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, व्होल्टेज बघितलं तर १२.१ आलं. आईच्या बीपीपेक्षा कितीतरी शिस्तीत. पण ते बिनकामाच्या वेळचं. दम कळायचा तर गेम चालू असताना, आणि त्यासाठी मला जिन्याखालची मीटरची खोली आठवली.

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला बारीक लिहिलंय, ३२०० लुकलुकींचं एक युनिट. कागद घेऊन मांडलं, तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे पावणेएकोणीस वॅट. पावकी-निमकी पाठ असलेल्या आईलाही पावणेएकोणीसचा पाढा येत नाही, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता प्रयोग. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची ही माहिती वायरिंग करणारा आपल्यासोबतच घेऊन गेला, म्हणून सगळं हाताने बंद करायचं ठरलं. पंखे, फ्रिज, राउटर. बायको फोनवर, मुलगा गेमसमोर, मी खाली गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मखराला टेकून, हातात टॉर्च. आधी नुसता कॉम्प्युटर. पाच लुकलुक, चौऱ्याण्णव वॅट. मग गेम. "एक, दोन, तीन..." अकरापर्यंत आलो आणि मागून आवाज आला, "काय हो, काय चाललंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी. अंधारात मीटरवर टॉर्च मारून आकडे पुटपुटणाऱ्या माणसाबद्दल जे वाटायला हवं तेच त्यांना वाटलं होतं. मी "एसएमपीएस" म्हणालो. त्यांना ती पोस्टातली बचत योजना वाटली. सगळं समजावून पुन्हा एकपासून मोजलं. चोवीस. साडेचारशे वॅट! अर्ध्याच्याही आत, म्हणजे गोल्ड जिथे गोल्ड असतं नेमकं तिथे. मला भरून आलं.

खात्री करायला म्हणून पुन्हा मोजायला घेतलं आणि दिवा पिसाळला. सेकंदाला एक! साठ गुणिले पावणेएकोणीस, अकराशे पंचवीस. भिंतीतून इतकं जातंय म्हणजे हजाराचा एसएमपीएस गळ्याशी आला. कार्डाने उसळी मारली आणि खाली यायचं विसरलं. फोनवर ओरडलो, "बंद कर! गेम बंद कर!" पलीकडून नुसती घरघर. तीन जिने मी कसे चढलो ते गुडघ्यांना विचारा.

दारात खोबऱ्याचा वास. आई मिक्सरमधून चटणी काढत होती.

"तू पंखे आणि फ्रिज म्हणालास," ती शांतपणे म्हणाली. "चटणीचं काही बोलला नाहीस."

चपला खालीच राहिल्या होत्या म्हणून परत उतरलो, तर सेक्रेटरी माझ्याच टॉर्चने दुसरं मीटर न्याहाळत होते. "हे आमचं, पाच नंबर. घरात कुणी नाही, सगळं बंद आहे, तरी लुकलुकतंय. किती वॅट धरायचं हो हे?"

मी मोबाईलमध्ये घड्याळ लावलं.

"एक," सेक्रेटरी म्हणाले.