आता या वयात कशाला?

पन्नाशी आली की जो तो सल्ला द्यायला मोकळा! बुटाची नाडी बांधायला वाकलं की लगेच, "जपून हं, गुडघे जातील." अहो, बसून राहिलं की गुडघे जास्त आखडतात! स्नायू तिशी-चाळिशीपासूनच झिजायला लागतात, म्हणून तर वजनं उचलायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. पासष्टीनंतरही सूट नाही, उलट तोल सांभाळण्याचे व्यायाम वाढवायचे. आणि जिना चढायला लागले की, "लिफ्ट आहे ना!" माहितेय मला. मला चढायचंय. दम लागतो? लागू दे की, तो लागावा म्हणूनच चढतेय. सरका जरा बाजूला!