‘सर’ लावण्याआधी शिक्का बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक जाहिरात फिरते आहे: ‘युरोपीय राजघराण्याकडून नाइटहूड, निवडक भारतीयांसाठी’. नाइटहूड म्हणजे नावाआधी ‘सर’ लावण्याचा मान. पदवी म्हणे फुकट, फक्त नोंदणी, पदक, झगा आणि जेवणाचा खर्च तुमचा. फोटोत गळ्यात रुंद पट्टा, खांद्यावर तलवार टेकवलेली. असल्या गोष्टींना नागपूरकराने तरी भुलू नये, कारण राजाने दिलेली पदवी म्हणजे काय असते, हे या शहराने जवळून पाहिलंय.

नागपूरच्या महाल भागात ज्यांचा वाडा आहे त्या भोसल्यांची पदवी होती ‘सेनासाहेब सुभा’. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. परसोजी भोसले त्यांना येऊन मिळाले आणि ही पदवी परसोजींकडे आली. ही नुसती शोभेची बिरुदावली नव्हती. वऱ्हाडाकडचा वसुलीचा हक्क आणि हुकूम येईल तेव्हा फौज घेऊन हजर होण्याची बांधिलकी, दोन्ही त्यात एकत्र बांधलेले होते. आजच्या भाषेत पोस्टिंग, पगार आणि ड्यूटी एकाच कागदावर. शिवाय बाप गेला म्हणून ती मुलाला आपोआप मिळत नसे. राजाकडून नवी वस्त्रे, म्हणजे पदाची खूण असलेला मानाचा पोशाख, यावी लागत आणि त्यासाठी नजराणा मोजावा लागे.

म्हणूनच भांडणं झाली. 1755 मध्ये पहिले रघूजी भोसले गेले आणि त्यांच्या मुलांत, जानोजी-मुधोजींत, वाद लागला. तो मिटवताना जानोजींना सेनासाहेब सुभा आणि मुधोजींना सेनाधुरंधर अशी वाटणी झाली. 1772 मध्ये जानोजीही गेले, मग त्यांचे भाऊ साबाजी आणि मुधोजी समोरासमोर आले. शेवटी 26 जानेवारी 1775 ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ लढाई होऊन साबाजी ठार झाले. भावाभावांनी मैदानात उतरावं एवढं त्या दोन शब्दांमागे वजन होतं.

सनदेचा कागद जवळून बघितला की देणाऱ्याने किती काळजी घेतली आहे ते कळतं. वरच्या बाजूला शिक्का. मजकूर जिथे संपतो तिथे अगदी खेटून मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा छोटा शिक्का, म्हणजे मागाहून कोणी एक ओळही घुसवू शकणार नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथला. हॉटेलात वाटलेल्या प्रमाणपत्रावर सोनेरी स्टिकर असतो, पण तो कोणत्या अधिकाराचा, याचं उत्तर कागदावर कुठेच नसतं.

तरी शिक्का खरा असूनही पदवी कुचकामी ठरू शकते. आप्पासाहेब भोसल्यांनी 1816 मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. पुढे पुण्याहून पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना सेनापतिपदाची वस्त्रे पाठवली. 24 नोव्हेंबर 1817 ला दरबार भरवून, इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्सला आमंत्रण धाडून, आप्पासाहेबांनी ती घेतली. जेन्किन्स आला नाही. तारखा शेजारी ठेवून बघा. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली होती, 17 ला पुणं इंग्रजांच्या हातात गेलं होतं. म्हणजे वस्त्रे अंगावर चढली तेव्हा ती पाठवणारा स्वतःच पळत होता! 26-27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि पुढच्या वर्षी आप्पासाहेबांची गादी गेली. वस्त्रे हे एकमेव कारण नव्हे, हे कबूल. पण देणाऱ्याच्या हातात उरलंय काय, हे न बघता पदवी स्वीकारण्याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

इंग्रजी अमलातल्या पदव्यांचा घोळ वेगळा आहे. रावबहादूर, रावसाहेब या व्यक्तीला मिळत, वंशाला नव्हे. नातवाने आजोबांची पदवी स्वतःच्या नावाआधी लावली तर तो नुसता हौसेचा भाग. आपल्या मध्य प्रांतात मराठीबरोबर हिंदीही होती म्हणून एकाच शहरात रावबहादूरही सापडतात आणि रायबहादूरही. दोन्ही एकाच दर्जाचे. त्यांच्या वर दिवाणबहादूर, खाली रावसाहेब आणि रायसाहेब. नावं सरकारी गॅझेटमध्ये छापून येत, त्यामुळे घरात नुसतं पदक सापडलं तर आधी गॅझेट शोधावं. जुन्या बाजारात पदकं विकत मिळतात, गॅझेटमधली ओळ मिळत नाही.

आता त्या जाहिरातीकडे. पहिला प्रश्न: पदवी देणारं घराणं कधी राज्य करत होतं का? करत असेल, तर आज त्याचा प्रमुख कोण, आणि त्यावर वाद आहे का? इथेच बरेच जण फसतात, कारण घराणं खरं असतं. दक्षिण इटलीतल्या जुन्या ‘दोन सिसिली’ राज्याच्या राजघराण्यात प्रमुखपदावरून दोन शाखांचा वाद आहे आणि एकाच जुन्या ऑर्डरवर, म्हणजे नाइट्सच्या मानाच्या संघावर, दोघेही हक्क सांगतात. इटलीत तर 1951 च्या कायद्याने खासगी संस्थांना असे सन्मान वाटायलाच बंदी आहे. ब्रिटनमध्ये ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हा जुन्या जमीनदारीचा हक्क विकत घेता येतो, पण त्याने कोणी उमराव होत नाही. स्कॉटलंडमधला चौरस फूट जागेचा तुकडा घेऊन ‘लॉर्ड’ झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे जत्रेतला फोटो.

खऱ्या ब्रिटिश नाइटहूडचंही बघा. रतन टाटांना 2014 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ या सन्मानाचा सर्वोच्च दर्जा, जीबीई, मिळाला, पण तो मानद. ब्रिटिश राजाला आपला राजा न मानणाऱ्या देशाच्या नागरिकाला ‘सर’ लावता येत नाही. जिथे टाटांना लागलं नाही, तिथे हॉटेलातल्या समारंभाने कसं लागेल?

आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद 18 प्रमाणे लष्करी आणि शैक्षणिक सोडून कोणताही किताब सरकारने द्यायचा नाही आणि नागरिकाने परकीय राज्याकडून घ्यायचा नाही. पद्म पुरस्कार किताब नाहीत, पण नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत, असं 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. तेव्हा आपल्या एखाद्या जुन्या राजघराण्याने शाल, सन्मानचिन्ह दिलं तर प्रेमाने घ्यावं, त्यात गैर काही नाही. फक्त तो खासगी सत्कार असतो. लेटरहेडवर नावाआधी दोन अक्षरं छापायची परवानगी त्यातून मिळत नाही.